एक एंडगेम, एक खेळाडू : उन्हाळ्याच्या सुट्टीतला बुद्धिबळाचा अभ्यास (नागपूर)

सातवी_ओळ

नागपुरात बुद्धिबळाला सध्या फार चांगले दिवस आहेत. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला, आणि जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखनं बटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं. त्या एका विजयानं दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीत रविवारच्या वर्गाला जागा पुरत नाही. पालक मुलांना हाताला धरून आणतात आणि पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "ओपनिंग कोणतं शिकवता?"

मी ओपनिंगनं, म्हणजे डावाच्या पहिल्या ठरावीक चालींनी, सुरुवात करत नाही. या धाग्यात त्यामागचं कारण मांडते आणि सुट्टीतला अभ्यासक्रम इथे सगळ्यांसमोर तपासायला ठेवते.

माझं म्हणणं असं: एंडगेम, म्हणजे पटावर मोजकीच मोहरी उरल्यावरचा खेळ, शिकायचा तर एकेका जुन्या खेळाडूचं बोट धरून शिकावा. नुसत्या स्थिती पाठ केल्या तर महिनाभरात विसरतात. तीच स्थिती कोणी, कोणाविरुद्ध, कशासाठी खेळली हे कळलं की डोक्यात राहते, आणि एंडगेमसोबत डावपेचांची समजही येते. कारण या लोकांनी वीस-पंचवीस चाली आधीच शेवट कसा हवा ते ठरवलेलं असायचं.

सुरुवात कापाब्लांकापासून. हवानाचा हा माणूस १९२१ ते १९२७ जगज्जेता होता. खेळाचा अभ्यास शेवटाकडून सुरू करावा हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. त्याचा न्यूयॉर्क १९२४ चा टार्टाकोवरविरुद्धचा डाव पटावर मांडा आणि हत्तींच्या एंडगेमपाशी थांबा. (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ, अशी घरांची नावं.) पांढऱ्याचा हत्ती एच-७ वर, म्हणजे सातव्या ओळीत जाऊन बसलाय. काळा हत्ती सी-३ च्या प्याद्यावर टपलाय. मुलांना विचारलं की पांढऱ्यानं काय करावं, तर सगळी म्हणतात, "प्यादं वाचवा." कापाब्लांका काय करतो? राजा जी-३ वर आणतो. काळा सी-३ चं प्यादं शह देऊन मारतो, राजा एच-४ वर. पुढे जी चं प्यादं सहाव्या ओळीत सरकतं, काळा एफ-४ चंही प्यादं शह देऊन खातो, राजा जी-५ वर. दोन प्यादी गेली, दोन्ही शहासकट. आणि आता राजा एफ-६ वर.

इथे मी मुलांना हात लावू देत नाही, फक्त बघायला लावते. एफ-५ वर काळ्याचं प्यादं अगदी राजाच्या वाटेत होतं, फुकट मिळत होतं. कापाब्लांकानं ते मारलं नाही. का? तेच काळं प्यादं पांढऱ्या राजाची ढाल झालंय. काळ्या हत्तीला एफ च्या पट्टीवरून शहच देता येत नाही, मध्ये त्याचंच प्यादं उभं आहे. इकडे एफ-६ चा राजा, जी-६ चं प्यादं आणि एच-७ चा हत्ती मिळून थेट मात करायला निघालेत. काळ्याला नुसती राजाची पळापळ करायची वेळ येते आणि मग पांढरा गेलेली प्यादी सावकाश वसूल करतो.

या एका डावातून तीन गोष्टी शिकता येतात: एंडगेममध्ये राजा हे लढणारं मोहरं आहे, सातव्या ओळीतल्या हत्तीची किंमत एकदोन प्याद्यांपेक्षा जास्त असू शकते, आणि प्यादी मोजण्याआधी मोहरी किती काम करतात ते बघावं. तिसरी गोष्ट तर सबंध डावपेचाचा पाया आहे.

पुढचा क्रम मनात असा आहे: हत्तीच्या एंडगेमसाठी रुबिनस्टाइन, उंट विरुद्ध घोडा यासाठी फिशर, धीरासाठी कार्पोव. बाकी नावं तुम्ही सुचवा. आणि हो, एक गृहपाठ. रेटीनं १९२१ मध्ये रचलेली स्थिती आहे. पांढरा: राजा एच-८, प्यादं सी-६. काळा: राजा ए-६, प्यादं एच-५. चाल पांढऱ्याची, बरोबरी करून दाखवा. कॉम्प्युटर न लावता!

---

वऱ्हाडी_हत्ती

ताई, लिहिलं झकास, पण मी जरा वेगळं बोलतो. आमच्या पोट्ट्यांचे डाव एंडगेमपर्यंत जाऊनच नाही राहिले. पंधराव्या चालीत वजीर गेला, विसाव्यात मात. त्यांना कापाब्लांकाचा राजा एफ-६ वर नेऊन काय फायदा? आधी डावपेचांची कोडी सोडवून घ्या, दुहेरी मारा, पिन (मागचं मोहरं जाईल म्हणून पुढचं हलू न देणं), शह देऊन मोहरं उचलणं. नवख्या पोरांचा डाव तिथेच जिंकला-हरला जातो. इतवारीतल्या आमच्या वर्गात मी रोज हेच बघून राहिलो. एंडगेम नंतर, रेटिंग वर गेल्यावर.

---

सातवी_ओळ

भाऊ, कोडी हवीतच, त्याबद्दल वाद नाही. आमच्याकडे वर्गाचा पहिला अर्धा तास कोड्यांचाच असतो.

पण "एंडगेम नंतर" हे मला मान्य नाही. पटावर बत्तीस मोहरी असताना मुलाला एका घोड्याची ताकद दिसत नाही, सगळी गर्दी असते. राजा-राजा-प्यादं एवढंच ठेवलं की एका घराचा फरक म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा जाणवतं. पांढरा राजा ई-६ वर, प्यादं ई-५ वर, काळा राजा ई-८ वर. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. हेच सगळं एकेक ओळ खाली आणा: राजा ई-५, प्यादं ई-४, काळा राजा ई-७. आता पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. सात वर्षांच्या मुलीला मी हे दाखवलं तर ती घरी जाऊन आजीशी तासभर तेवढंच खेळली. मोजून खेळायची सवय इथे लागते, आणि कोडी सोडवताना नेमकी तीच उपयोगी पडते.

दुसरं, वजीर गेला की मुलं डाव सोडून देतात. एंडगेम येणारं मूल सोडत नाही.

---

वऱ्हाडी_हत्ती

शेवटचं वाक्य पटलं बाप्पा. डाव सोडायची घाई हा खरा रोग आहे. मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून खेळून बसायची सवयच गेली पोरांची.

---

प्यादेमात

+१ धागाकर्तीला. खूप दिवसांनी मनासारखा विषय वाचला.

यादीत एक नाव घालाच: मीर सुलतान खान. पंजाबातला माणूस, सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. त्यांनीच त्याला इंग्लंडला नेलं. तिथे १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकली. हेस्टिंग्सला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं खुद्द कापाब्लांकाला हरवलं. मग मालकांबरोबर परत आला आणि स्पर्धांच्या जगातून दिसेनासा झाला. २०२४ मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला. पाकिस्तानचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून.

त्याचा अभ्यास आपल्यासाठी का महत्त्वाचा ते सांगतो. तो वाढला देशी नियमांवर. देशी डावात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नाही, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. ओपनिंगची पाठांतरं त्या खेळात कामाची नव्हती, मोहरी सावकाश भिडायची. त्यामुळे युरोपात गेल्यावर तो सुरुवातीला अडखळायचा आणि मधल्या खेळापासून शेवटापर्यंत भल्याभल्यांना दमवायचा. ओपनिंगशिवाय किती वर जाता येतं याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नाही.

माझे आजोबा महालातल्या वाड्यात ओसरीवर देशी डाव खेळायचे. साधी मात देऊन त्यांचं समाधान व्हायचं नाही, प्याद्यानं मात द्यायची. त्यासाठी समोरच्याची मोहरी किती आणि कोणती शिल्लक ठेवायची याचा हिशेब ते आधीपासून करत. आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं, हा सगळा एंडगेमचाच विचार होता.

अवांतर: बुद्धिबळातल्या निवडक स्थितींचा एक संस्कृत संग्रह होता, त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा. त्याचं इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडे माणसं स्थिती मांडून, सोडवून, लिहून ठेवत होती. हे आपल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

---

सातवी_ओळ

किती सुंदर प्रतिसाद! सुलतान खान यादीत नक्की. देशी नियमांचा एक रविवारही ठेवते. तुम्हाला जमलं तर तुम्हीच या शिकवायला, मुलांना फार आवडेल.

---

सात_मोहरी

तांत्रिक बाजू मांडतो. पटावर राजांसकट सातपर्यंत मोहरी असतील तर आज त्या स्थितीचं उत्तर पूर्ण माहीत आहे. टेबलबेस, म्हणजे अशा सगळ्या स्थितींच्या उत्तरांचा संगणकी साठा, जिंकणार, हरणार की बरोबरी ते सांगतो, तेही फुकट, मोबाइलवर. मग शंभर वर्षांपूर्वीचे डाव कशाला? त्या डावांत चुका असतात. जुन्या मास्तरांनी जिंकलेली म्हणून छापलेली एखादी स्थिती प्रत्यक्षात बरोबरीची निघते. मुलांनी चुकीचं का शिकावं?

---

सातवी_ओळ

टेबलबेस मीही वापरते, पण शेवटी. मुलांनी आपलं उत्तर आणि कारण वहीत लिहिल्यावर.

कारण तो निकाल सांगतो, वाट सांगत नाही. "या चालीनं एकोणतीस चालींत मात" हे वाचून बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काय लागतं? त्यातली दहावी चाल का आली हे त्याला कोण समजावणार? कापाब्लांकाची कल्पना एका वाक्यात सांगता येते: राजा आत न्या, प्याद्यांची फिकीर नंतर. हे वाक्य दुसऱ्या डावात वापरता येतं.

चुकांबद्दल म्हणाल तर त्याही शिकवायला चांगल्या. १९६२ च्या वार्ना ऑलिंपियाडमधला फिशर-बॉटविनिक डाव घ्या. हत्तीचा एंडगेम, एक प्यादं फिशरकडे जास्त, डाव रात्रीसाठी थांबवलेला. सोव्हिएत संघानं रात्र जागून बरोबरीची वाट शोधली आणि दुसऱ्या दिवशी बॉटविनिकनं अर्धा गुण वाचवला. तो एंडगेम खरंच जिंकता येत होता का, यावर पुढे कितीतरी वर्षं लोक विश्लेषण करत राहिले. मुलांना अशी स्थिती दिली की दोन गट पडतात आणि वर्ग रंगतो. उत्तर आधीच पडद्यावर असतं तर वादच झाला नसता.

---

सात_मोहरी

आधी वही, मग यंत्र. हे मान्य.

---

बारावी_सायन्स

ताई, मी धरमपेठेत राहते, रेटेड स्पर्धा खेळते. हत्ती विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं, यात लुसेना आणि फिलिडोर या दोन स्थितींचा माझा कायम गोंधळ होतो. परीक्षेसारखं पाठ केलं तरी घड्याळ चालू झालं की सगळं उडून जातं. कोणीतरी सोपं करून सांगा ना.

---

रुबिनस्टाइनभक्त

मी सांगतो. पाठ करू नकोस, दोघांना काय हवंय ते बघ.

लुसेना ही जिंकणाऱ्याची स्थिती. तुझा राजा जी-८, प्यादं जी-७, हत्ती एफ-१. काळा राजा ई-७, काळा हत्ती एच-२. प्यादं वजीर व्हायला राजानं बाहेर पडायला हवं, पण बाहेर पडला की काळा हत्ती मागून शहांचा मारा करणार. म्हणजे तुला छत्री हवी. आधी हत्ती ई-१ वर शह, काळा राजा डी-७. आता हत्ती ई-४! सगळी करामत या चालीत आहे. मग राजा एफ-७, शह, जी-६, शह, एफ-६, शह, जी-५, शह, आणि हत्ती जी-४ वर आडवा. शह संपले, प्यादं पुढे. चौथ्या ओळीत हत्ती का नेला ते आता दिसलं ना? राजा खाली उतरून येईल तेव्हा हत्ती त्याच्या पट्टीवर आडवा यायला हवा.

फिलिडोर ही वाचवणाऱ्याची स्थिती. तुझा राजा प्याद्याच्या पुढे, वजीर होण्याच्या घरावर किंवा त्याच्या शेजारी. समोरचं प्यादं पाचव्या ओळीत आहे आणि त्याच्या राजाला सहाव्या ओळीत घुसायचंय. तू हत्ती त्या सहाव्या ओळीतच ठेव, राजा आत येऊच शकणार नाही. मग तो नाइलाजानं प्यादं सहाव्या ओळीत ढकलेल. त्या क्षणी हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला ने आणि मागून शह देत बस. प्यादं पुढे गेलं, त्यामुळे त्याच्या राजाला आता लपायला आडोसा उरला नाही.

फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार, त्याचं बुद्धिबळाचं पुस्तक १७४९ चं. प्यादी म्हणजे बुद्धिबळाचा आत्मा, हे त्याचंच वाक्य. आत्ता वरच्या बचावात बघ: सगळा निकाल प्यादं पाचव्या ओळीत आहे की सहाव्या, यावर फिरतो. त्याचं नाव त्याच्या वाक्यासकट लक्षात ठेव, गोंधळ होणार नाही.

आणि धागाकर्तीनं रुबिनस्टाइनचं नाव घेतलं म्हणून मन भरून आलं. १९१२ या एका वर्षात त्यानं पाच मोठ्या स्पर्धांत पहिला क्रमांक मिळवला. तेव्हाचा जगज्जेता लास्कर याच्याशी जगज्जेतेपदाची लढत १९१४ मध्ये व्हायची होती, महायुद्धानं ती गिळली. पण १९०९ ला सेंट पीटर्सबर्गला त्यानं लास्करला हत्तीच्या एंडगेममध्ये हरवलेला डाव आहे. तो मांडा. एकही चाल भडक नाही, आणि शेवटी लास्करकडे बिघडवल्याशिवाय करण्याजोगी चालच उरत नाही. झुगझ्वांग, म्हणजे हीच चाल करावीच लागण्याची अडचण, मुलांना समजवायला याहून चांगला डाव मी पाहिलेला नाही.

---

बारावी_सायन्स

छत्री आणि आडोसा! आता नाही विसरणार. खूप आभार काका.

---

सदर_पूर्व

डावपेचांसाठी पेट्रोस्यान हवा. झ्युरिक १९५३, रेशेव्स्कीविरुद्ध काळ्यानं खेळताना त्यानं हत्ती ई-६ वर नेऊन ठेवला, उंटानं मारू दे म्हणून. हत्ती देऊन उंट घ्यायचा, हा तोट्याचा सौदा. पण त्यातून त्याच्या घोड्याला डी-५ हे घर मिळालं आणि पांढऱ्याची मधली प्यादी जागच्या जागी थिजली. डाव बरोबरीत सुटला. बरोबरीसुद्धा एवढी शिकवते हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

---

वऱ्हाडी_हत्ती

आपल्या आनंदचं काय? २०१३ ला चेन्नईत कार्लसननं त्याला पाचव्या आणि सहाव्या डावात हत्तीच्याच एंडगेममध्ये हरवलं होतं ना. तेव्हा टीव्हीसमोर बसून रडलो होतो खरं सांगतो. दोन्ही डाव बरोबरीच्या काठावर होते, कार्लसन नुसता चाली करत राहिला, करत राहिला.

---

रुबिनस्टाइनभक्त

भाऊ, त्याचं उट्टं ११ वर्षांनी निघालं. सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, चौदावा डाव. गुण बरोबरीत. गुकेशकडे एक प्यादं जास्त, पण हत्ती आणि उंट दोघांकडे, सगळे म्हणत होते बरोबरी. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यानं हत्ती एफ-२ वर नेला, अदलाबदल करून टाकू म्हणून. हत्ती गेले. पण डिंगचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात अडकलेला! गुकेशनं आपला उंट डी-५ वर आणला आणि उंटांची अदलाबदलही टाळता येईना. उरले राजे, गुकेशची दोन प्यादी आणि डिंगचं एक. तिथे खेळण्यासारखं काही नव्हतं, डिंगनं डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला तो राजा-प्याद्यांच्या एंडगेमवर.

कोणती मोहरी पटावर ठेवायची आणि कोणती काढायची, हा प्रश्न कापाब्लांकाच्या काळातलाच आहे.

---

सातवी_ओळ

हा डाव मी अभ्यासक्रमात पहिल्याच रविवारी घेते आता, कापाब्लांकाच्या आधी. मुलांनी तो थेट पाहिलाय, त्यांना आपला वाटतो. तिथून मागे न्यायचं.

फिशरसाठी व्हँकूव्हर १९७१, तैमानोवविरुद्धचा चौथा डाव घेणार आहे. फिशरचा उंट, तैमानोवचा घोडा. घोड्याला हलायला चांगलं घर ठेवलंच नाही, आणि मग उंट जी-६ च्या प्याद्यावर देऊन टाकला. घोडा तिकडे गेला तोवर पांढऱ्या राजानं वजिराच्या बाजूची बी आणि सी ची प्यादी खाल्ली. एकटा घोडा त्या बाजूच्या पांढऱ्या प्याद्यांना रोखू शकला नाही. कार्पोवचा १९८४ चा कास्पारोवविरुद्धचा नववा डाव त्याच्या शेजारी ठेवते, तिथे घोडा उंटावर भारी पडतो. समोरचं प्यादं परत मारायचं सोडून कार्पोव घोडा जी-२ वर मागे आणतो, राजाला वाट करून द्यायला. दोन्ही लागोपाठ पाहिले की "उंट चांगला की घोडा" हा प्रश्न मुलं पुन्हा विचारणार नाहीत, आधी प्यादी कुठे आहेत ते बघतील.

गृहपाठ कोणी केला का?

---

बारावी_सायन्स

केला! सरळ एच-७, एच-६ असं प्याद्यामागे धावलं तर कधीच पोचत नाही. म्हणून तिरकं जायचं: राजा जी-७, प्यादं एच-४, राजा एफ-६. आता काळा राजा बी-६ ला येऊन सी चं प्यादं धरायला बघतो. मग राजा ई-५! काळ्यानं सी-६ चं प्यादं मारलं तर राजा एफ-४ ला येऊन एच चं प्यादं पकडतो. राजाला तिरकं जायला सरळ जाण्याइतक्याच चाली लागतात, म्हणून दोन्हीकडे पोचता येतं. पण ई-५ नंतर काळ्यानं प्यादं एच-३ ला नेलं तर? तिथे अडले.

---

सातवी_ओळ

अगदी बरोबर चाललीस. एच-३ नंतर राजा डी-६. आता प्यादं एच-२, तुझं सी-७, काळा राजा बी-७ ला अडवायला येतो, तू राजा डी-७. त्याचं प्यादं वजीर होतं आणि लगेच तुझंही सी-८ वर, शहासकट. दोन्हीकडे वजीर, बरोबरी. आणि दुसऱ्याच चालीला त्यानं राजा न हलवता एच-३ केलं असतं तर राजा ई-७, तिथूनही तू सी च्या प्याद्यापाशी वेळेत पोचतेस. दोन्ही फांद्या वहीत लिही, मग टेबलबेसवर तपास. रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये ये, लहान मुलांना ही स्थिती तूच समजावून सांगायची आहेस.